सिएरा माएस्त्राचा सातबारा

जिल्ह्याच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. निवेदने झाली, रास्ता रोको झाले, आता बंदुकीशिवाय सरकारला कळायचे नाही, नाही का? विचारणाऱ्या पोराच्या शर्टावर चे गव्हेराचे चित्र असते. त्याची चेष्टा आम्ही करणार नाही. संताप खराच आहे. पण क्यूबाची गोष्ट त्याला कोणीतरी अर्धीच सांगितली आहे. उरलेली अर्धी शेतकऱ्याची आहे.

२ डिसेंबर १९५६ रोजी ग्रान्मा नावाच्या बोटीतून फिडेल कॅस्ट्रोसह ८२ जण क्यूबाच्या किनाऱ्याला लागले, तेही दलदलीत. तीन दिवसांत बातिस्ताच्या फौजेने त्यांची दाणादाण उडवली. डोंगरात पुन्हा एकत्र जमले ते वीसच्या आसपास. आमच्याकडच्या भजनी मंडळात याहून जास्त माणसे असतात.

या विसांना जगवले कोणी? सिएरा माएस्त्राच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी. दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत कॉफी लावून पोट भरणारी ही माणसे. हातात कागद नाही. जमीनदाराचा मुकादम शिपाई घेऊन केव्हा येईल आणि झोपडी केव्हा पेटवेल, याचा नेम नाही. क्रेसेन्सिओ पेरेससारख्या वजनदार माणसाने आपल्या गोतावळ्यातून वाटाडे दिले, आसरा दिला. बंडखोर घेतलेल्या धान्याचे पैसे मोजत. बंडखोरांच्या नावाखाली गावे लुटणाऱ्यांना ते गोळी घालीत. फौज घरे जाळत होती, वस्त्या उठवत होती. शेतकऱ्याने दोघांची तुलना केली आणि बाजू ठरवली. सगळेच देवमाणूस होते असे नव्हे. युतिमिओ ग्वेर्रा हा वाटाड्या शेतकरीच होता, आणि पैशासाठी त्याने फौजेला ठावठिकाणा सांगितला. पण असे थोडे निघाले, म्हणून तर बाकीचे वाचले.

शहरही सोबत होते. सांतियागोहून माणसे आणि काडतुसे डोंगरात पाठवणाऱ्या फ्रांक पाईसला पोलिसांनी ३० जुलै १९५७ रोजी मारले. १९५८ च्या उन्हाळ्यात सुमारे १०,००० सैनिक तीनेकशे बंडखोरांवर चालून गेले आणि हात हलवत परतले. १ जानेवारी १९५९ च्या पहाटे बातिस्ता देश सोडून पळाला.

आता तीच बंदूक बोलिव्हियात पाहा. गव्हेरा स्वतः गेला, निवडक माणसे घेऊन. तिथे १९५३ च्या कायद्याने शेतकऱ्यांना जमिनी मिळालेल्या होत्या. या परक्यांसाठी मरायचे कशाला, असे त्यांना वाटले. तुकडीत शेतकरी आलाच नाही. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी गव्हेरा मारला गेला. शेतकी कॉलेजात आम्ही एवढे तरी शिकलो, की वाफसा नसताना पेरलेले बी कितीही जातिवंत असले तरी कुजते.

आणि ज्यांनी विसांची फौज केली, त्या क्यूबाच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? १७ मे १९५९ च्या कायद्याने कुळांना आणि कागद नसलेल्यांना २७ हेक्टरपर्यंत, म्हणजे ६७ एकर जमीन फुकट नावावर झाली. ही गोष्ट मोठीच. आम्ही ती नाकारत नाही. इथल्या डाव्या पुढाऱ्यांचे भाषण मात्र या ओळीवर संपते, आणि आमचे भांडण तिथूनच सुरू होते. सातबारा शेतकऱ्याचा, माल कोणाचा? मालाचा मोठा हिस्सा सरकारी खरेदी खात्याला घालायचा, सरकार ठरवेल त्या भावाने. आपल्याकडच्या लेव्हीचीच ही थोरली बहीण! १९८० साली शेतकऱ्यांना खुला बाजार भरवू दिला, चार पैसे दिसू लागताच १९८६ साली बंद केला. १९९४ साली देशात खायचे वांधे झाले तेव्हा पुन्हा उघडला. आपल्या गोठ्यातली गाय परवानगीशिवाय कापली तर शेतकऱ्याला तुरुंग होता. २०२१ साली ही अट सैल झाली. आधी सरकारचा कोटा भरायचा, मग उरेल ते विकायचे.