चिलटांचा खर्च कोणी सोसावा?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीमालकाकडे चिलटांच्या मज्जातंतूंवरील संशोधनासाठी देणगी मागितली, तर तो ती देणार नाही. आणि त्याच्या हिशेबाने तो चुकणारही नाही. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणाऱ्या चिलटाशी ओतीव लोखंडाचा संबंध काय? (आंबा नासविणारी फळमाशी वेगळी, तिच्या नाशासाठी पैसा लवकर मिळतो.) तथापि २०२३ साली अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला, तेव्हा पाच वर्षांच्या ५० हजार कोटी रुपयांपैकी सुमारे ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून येतील असे धरण्यात आले. हा हिशेब चिलटावरच तपासून पाहावा.

१९६२ साली, म्हणजे आपले शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, ओबेद सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचे काम उभारण्यास आले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी उष्णतेने लुळी पडणारी चिलटे हुडकली. एरवी धडधाकट, तपमान वाढताच निपचित. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातील एका वाणाचे नाव 'कोमॅटोस'. त्यात नेमके काय बिघडले आहे, हे तेव्हा कोणासही सांगता आले नसते. मग उपयोग कोण सांगणार?

उत्तर सुमारे वीस वर्षांनी, निराळ्याच वाटेने आले. पेशीतील माल सूक्ष्म पिशव्यांतून वाहिला जातो. मज्जातंतूच्या टोकाशी संदेशवाहक रसायनाने भरलेली पिशवी येते, काही प्रथिने दोरासारखा पीळ घेऊन तिला पेशीपटलाशी जखडतात, आणि रसायन बाहेर पडते. हा पीळ सोडविणारे प्रथिन जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले होते. 'एनएसएफ' हे त्याचे नाव. कोमॅटोस चिलटात नेमके तेच उष्णतेने निकामी होत होते. माल उतरला, पण दोरखंड सुटत नाहीत, म्हणून पुढची खेप नाही, असा हा प्रकार. या वाहतुकीच्या शोधांबद्दल रॉथमन, शेकमन व सुडॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये सिद्दिकी निवर्तले होते.

पुढे असे दिसले की, ही प्रथिने संदेशच पोहोचवीत नाहीत, तर मज्जातंतू व स्नायू यांच्या जोडाची घडणही ठरवितात. चिलटाची अळी थोड्या दिवसांत कित्येक पटींनी वाढते. स्नायू वाढला की त्यावरील मज्जातंतूच्या गाठीही वाढाव्या लागतात. त्यासाठी स्नायू मज्जातंतूस वाढीचा संकेत धाडतो, आणि काम झाल्यावर तो संकेत घेणारी प्रथिने पिशव्यांतून आत ओढली जातात. ही परतीची वाहतूक अडली तर संकेत थांबत नाही आणि बारीकसारीक गाठींचे पेव फुटते. चिलटातील दुसऱ्या एनएसएफच्या कामात अडथळा आणला असता, फांद्या व गाठी वाढल्या, पण संदेशवहन मात्र दुबळे झाले. शाखा वाढल्या आणि उलाढाल घटली, अशा पेढीची अर्थशास्त्राच्या शिक्षकाला येथे आठवण व्हावी, हे स्वाभाविकच.

तशीच पीळ घेणारी प्रथिने माणसातही आहेत. लोखंड लागून जखम झालेला फौंड्रीतील कामगार ज्या धनुर्वाताच्या भीतीने टोचून घेतो, त्याचे विष त्यांपैकीच एक प्रथिन तोडते. म्हणजे संबंध आहे. परंतु त्याचे बिल कोणाच्या नावे फाडावयाचे? फायदा सर्वांचा, वसुली कोणाकडूनच नाही, अशा वस्तूवर खाजगी पैसा पुरेसा लागत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला आम्ही शिकवितो. २०२०-२१ मध्ये आपला संशोधनखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुण पदव्युत्तरांना तर प्रयोगशाळेची किल्लीही सहजी मिळत नाही.

उद्योगांनी काहीच देऊ नये असे नव्हे. साच्याच्या वाळूचा पुनर्वापर, भट्टीतील विजेची बचत, यांवरील संशोधनासाठी शिरोलीकडे जरूर मागावे. तेथे देणाऱ्यास परतावा दिसतो. चिलटांचा खर्च मात्र सरकारने आपल्या अंदाजपत्रकात, आपल्या नावावर, वेगळा दाखवावा. ३६ हजार कोटींच्या अपेक्षेत तो ढकलून मोकळे होता येणार नाही.