गाडी भाड्याची, काळजी आपली



नाताळची सुट्टी जवळ आली, की आमच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत एकच विषय असतो, यंदा कुठे? परवा नुकतंच लग्न झालेली एक सहशिक्षिका सांगत होती, "आम्ही गोव्यात गाडी भाड्यानं घेणार, स्वतः चालवायला. कुठली घ्यायची ते 'हे' बघतील." मी म्हटलं, "अगं, तसं करू नकोस. जी बॅगा भरते, तिनंच गाडी ठरवावी." ती हसली. पण मी चेष्टा करत नव्हते. आमचे हात एकदा पोळले आहेत.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मिरजेहून रेल्वेनं मडगावला उतरलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. ह्यांनी फोनवरूनच गाडी ठरवली होती. सात जणांची, उंच, दिसायला झकास, आणि भाडं इतरांपेक्षा दिवसाला चारशे रुपयांनी कमी! किल्ली देताना तो गृहस्थ सहज म्हणाला, "कुणी विचारलंच तर माझे पाहुणे आहोत म्हणून सांगा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. धाकटी शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, "आई, आपण ह्या काकांचे पाहुणे आहोत?" वर्गात 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहिणारी मी, मी मुकाट्यानं तिला गाडीत बसवलं.

पुढचे दोन दिवस रस्त्यात हवालदार दिसला, की पोटात गोळा यायचा. मंगेशीला जाताना, म्हार्दोळला जाताना, सगळं लक्ष रस्त्यावरच. त्यात सासूबाईंचे गुडघे! प्रत्येक देवळापाशी त्यांना खाली उतरवायचं नि पुन्हा वर चढवायचं, म्हणजे दोघांचे हात लागत. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी अडवलंच. ह्यांनी "पाहुणे" म्हणायला तोंड उघडलं, पण मालकाचं पूर्ण नाव विचारल्यावर आडनावच आठवेना. दंड झाला, अर्धा दिवस गेला, अनामत रक्कमही त्या गृहस्थानं परत दिली नाही. सासूबाई भर उन्हात एका दगडावर बसून होत्या. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

गाडीची पाटी पांढरी होती, म्हणजे ती खासगी गाडी होती. आपल्याकडे चालकासह येणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी नि अक्षरं काळी असतात. स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. असा धंदा करायला परवाना लागतो. त्याची केंद्र सरकारची योजना १९८९ पासून आहे. खासगी गाडी भाड्यानं देणं हे विम्याच्या अटींत बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. म्हणजे वाचवलेल्या चारशे रुपयांपायी आम्ही दोन मुलं आणि म्हातारी आई घेऊन कशावर फिरत होतो, ते घरी आल्यावर कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा आधी पाटीचा रंग बघायचा. फोनवरच विचारा, "काळी पाटी आहे ना?" उत्तर द्यायला कुणी आढेवेढे घेतले, तर दुसरीकडे चौकशी करा.

मग गाडीत कोण बसणार ते बघायचं. गुडघे दुखणारं माणूस असेल, तर बैठक आपल्या कमरेच्या उंचीची हवी, म्हणजे नुसतं टेकलं की झालं. फार उंच गाडीत चढावं लागतं, फार बुटक्या गाडीत वाकावं लागतं. सात जणांच्या गाडीत शेवटची रांग माणसांसाठी उघडली, की सामानाला जागा उरत नाही. शिवाय वळणावर मळमळणाऱ्या मुलाला त्या रांगेत बसवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. गाडी सीएनजीची असेल, तर टाकीनं डिकीतली किती जागा खाल्ली आहे ते विचारा. घरीच बॅगा एकावर एक रचून अंदाज घ्यावा.

त्यानंतर रस्त्यांचा विचार. गोव्यात महामार्ग रुंद आहेत, पण बघण्यासारखं बरंच काही आतल्या रस्त्यांवर आहे. पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्ल्या, खेड्यांतले दगडी कुंपणांमधले रस्ते, दिवाडीला जाणारी फेरीबोट, इथे लहान गाडी बरी. आपल्या घरी जशी गाडी आहे, शक्यतो तशीच घ्या. रोज हातानं गिअर टाकणाऱ्यानं परगावी पहिल्यांदाच ऑटोमॅटिक गाडी चालवायला घेऊ नये.

गाडी ताब्यात घेताना पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण एवढं कराच:

गाडीभोवती फिरून मोबाइलवर चित्रफीत काढा. ओरखडे, पोचे, काचा, टायर, सगळं त्यात यायला हवं.

स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का ते डिकी उघडून बघा. वायपर, दिवे आणि एसी लावून बघा.

पेट्रोल की डिझेल ते विचारा. काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा, कारण बहुधा तेवढंच भरून परत द्यायचं असतं.

आरसी, विमा नि पीयूसी बघा. विम्याची मुदत वाचा.

दिवसाला किती किलोमीटर, राज्याबाहेर नेता येईल का आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.

मागच्या सीटचे पट्टे ओढून बघा. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे, आणि लहान मुलांना मांडीवर घेऊन पुढे बसू नका.

आणखी एक. तुमच्याकडे लायसन्स असेल, तर ते पर्समध्ये असू द्या आणि दुसरी चालक म्हणून पावतीवर आपलं नाव घालून घ्या. गेल्या वर्षी आम्ही पुन्हा गोव्याला गेलो. काळ्या पाटीची लहानशी गाडी घेतली, थोडं जास्त भाडं देऊन. शेवटच्या दिवशी ह्यांना ताप भरला. पणजीहून मडगावपर्यंत गाडी मी चालवली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. स्टेशनवर आपल्या आपण उतरल्या नि म्हणाल्या, "ही गाडी बरी आहे गं. पुढच्या वेळी हीच घेऊ."

गाडी घेतली त्या दिवशी धाकटीनं विचारलंच होतं, "आई, ह्या वेळी आपण कोणाचे पाहुणे?"

"कोणाचेच नाही," मी म्हटलं. "आपण भाडं भरलंय. ही बघ पावती."