विश्लेषण : दीड लाखाच्या कॅमेऱ्याला विमा हवाच का?

पावसाळा लागला की खारघरच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कॅमेऱ्याच्या बॅगा दिसू लागतात. पांडवकड्याचा धबधबा लांबून टिपणारे, सेंट्रल पार्कमध्ये प्री-वेडिंग शूट करणारे, सेक्टर ४ मधील ‘निफ्ट’चे विद्यार्थी, पहाटे कर्नाळ्याला पक्षी बघायला निघालेले आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर फ्लेमिंगोंची वाट पाहणारे अशी ही मंडळी. यातल्या अनेकांच्या खांद्यावर स्कूटरपेक्षा महाग ऐवज असतो. स्कूटरचा विमा कायद्यानेच बंधनकारक आहे, कॅमेऱ्याचा मात्र बहुतेकांनी काढलेला नसतो. तो काढावा का, काढला तर कोणता आणि न काढणे केव्हा शहाणपणाचे, याचा हा आढावा.

घराच्या विम्यात कॅमेरा येत नाही का?

येतो, पण अर्धवट. सोसायटीने काढलेला विमा साधारणपणे इमारतीचा असतो, फ्लॅटमधल्या वस्तूंचा नसतो. घरातल्या सामानासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांसाठी एकसारखी प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिच्यात इमारतीचा विमा काढला की इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामान आपोआप संरक्षित होते. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा घेता येतो.

मात्र ही पॉलिसी मुख्यतः आग, वीज, पूर, वादळ, भूस्खलन अशा आपत्तींसाठी आहे. चोरीचा उल्लेख तिच्यात आहे, पण तो अशा एखाद्या आपत्तीमुळे, ती घडल्यापासून ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरता. एरवी दुपारी घर बंद असताना कॅमेरा गेला तर मूळ पॉलिसी उपयोगाची नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण जोडावे लागते. शिवाय हे सगळे घरातल्या सामानाबद्दल झाले. कॅमेरा विकत घेतला जातो तो घराबाहेर नेण्यासाठी, आणि त्याला धोका असतो तोही तिथेच.

मग ‘ऑल रिस्क’ म्हणजे सगळे धोके?

नावावरून तसे वाटते. कॅमेरा, लॅपटॉप यांसारख्या सोबत नेण्याच्या वस्तूंसाठी ‘ऑल रिस्क’ हा प्रकार असतो. अनेक कंपन्यांच्या गृहविमा पॅकेजमध्ये तो एक विभाग म्हणून मिळतो. त्यात घराबाहेरची चोरी, अपघाताने झालेले नुकसान यांना संरक्षण असते. वगळलेल्या गोष्टींची यादी मात्र लांबलचक असते आणि खरी पॉलिसी कळते ती त्या यादीतूनच.

या विभागाच्या प्रचलित शब्दरचनेत लेन्स किंवा काचेला तडा जाणे, ओरखडा पडणे, ती फुटणे हे वगळलेले आढळते. अपवाद असतो तो रेल्वे, विमान किंवा वाहनाच्या अपघाताचा. थोडक्यात, कॅमेऱ्याचा विमा आहे, पण हातातून निसटून लेन्स फुटली तर पैसे नाहीत, अशी स्थिती उद्भवू शकते. नेहमीच्या वापराची झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, हवामानामुळे हळूहळू झालेले नुकसान हेही बहुधा बाहेर असते. खारघरसारख्या खाडीलगतच्या दमट भागात शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते, तिची भरपाई सहसा मिळत नाही. तिथे सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा हाच स्वस्त विमा.

गाडीतून झालेल्या चोरीलाही अटी असतात. गाडी पूर्ण बंद प्रकारची, दारे-काचा लावलेली आणि कुलूपबंद असावी, ही नेहमीची अट. स्कूटरच्या हुकला अडकवलेली बॅग तिच्यात बसत नाही. ‘वाजवी काळजी घेतली होती का’ हा प्रश्न तर प्रत्येक दाव्यात विचारला जातो. प्रवेशबंदी असताना धबधब्याच्या पात्रात उतरून भिजवलेल्या कॅमेऱ्याचा दावा याच प्रश्नावर अडकू शकतो.

चोरी आणि घरफोडी यांत फरक काय?

बोलताना फारसा नाही, पॉलिसीत मोठा आहे. ‘युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल’ या २००४ मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीने प्रवेश अशी असेल, तर बळाचा वापर झाल्याशिवाय दावा मान्य होत नाही. पॉलिसीतले शब्द जसे आहेत तसेच वाचायचे, हा त्यातला धडा.

खारघरमध्ये पेइंग गेस्ट म्हणून किंवा चौघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना हा निकाल थेट लागू पडतो. दार उघडे होते, चावी चौघांकडे होती, पाहुणे येऊन गेले आणि कॅमेरा नाहीसा झाला. इथे कुलूप तुटलेले नाही, कडी उचकटलेली नाही. फक्त घरफोडीचे संरक्षण असेल तर पोलिसांकडे गुन्हा नोंदवूनही विम्याचे पैसे मिळतीलच असे नाही. म्हणून ‘साधी चोरी समाविष्ट आहे का’ हा प्रश्न आधीच, लेखी विचारायला हवा.

लोकलमध्ये किंवा विमानात बॅग गेली तर?

हार्बरच्या गर्दीत रॅकवर ठेवलेली बॅग गेली तर रेल्वे भरपाई देईल ही आशा फोल आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० नुसार प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानासाठी रेल्वे जबाबदार नसते. जबाबदारी येते ती कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात, प्रवाशाला स्वतःच्या वस्तू सांभाळता आल्या नाहीत तर ती रेल्वेच्या सेवेतील त्रुटी ठरत नाही, असे म्हटले.

विमान प्रवासात परिस्थिती थोडी बरी, पण कॅमेऱ्यासाठी अपुरी. देशांतर्गत प्रवासात सामान हरवणे किंवा खराब होणे यासाठी कंपनीच्या दायित्वाची मर्यादा प्रवाशामागे २० हजार रुपये आहे. नवी मुंबई विमानतळ आता हाकेच्या अंतरावर आले असले तरी कॅमेरा चेक-इन बॅगेत टाकण्याचे धाडस करू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नियमानुसार हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. प्रवासात दुसरे कोणी भरपाई देईल या भरवशावर राहण्यासारखे काही नाही, एवढाच याचा अर्थ.

हप्त्याचे गणित कसे मांडायचे?

एक उदाहरण घेऊ. समजा, कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून दीड लाखाचा संच आहे आणि कंपनीने वर्षाला ३,००० रुपये हप्ता सांगितला. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला, पण वस्तूंच्या विम्यावर तो १८ टक्के कायम आहे. म्हणजे खरा खर्च ३,५४० रुपये. आता संच चोरीला गेला आणि घसारा व ग्राहकाने स्वतः सोसायची कपात वजा जाता हाती १ लाख आले असे धरू. १ लाखाला ३,५४० ने भागले की उत्तर येते सुमारे २८. पूर्ण नुकसान २८ वर्षांत एकदा होण्याइतका धोका असेल तर हप्ता आणि भरपाई बरोबरीत सुटतात. धोका त्याहून कमी असेल तर सरासरीने विमा तोट्याचा.

पण सरासरी हजारो ग्राहकांची असते, चोरी एकाच्या घरी होते. तेच ३,५४० रुपये दरवर्षी बाजूला टाकले तर ५ वर्षांत १७,७०० रुपये आणि वर थोडे व्याज जमते. शटरच्या दुरुस्तीला किंवा एखाद्या साध्या लेन्सला ते पुरेल. मात्र चोरी दुसऱ्याच वर्षी झाली तर हाती असतात जेमतेम ७,०८०. त्यातून दीड लाखाचा संच येत नाही.

विमा रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवण्याचा मोहही महागात पडतो. ज्या पॉलिसीत ‘सरासरी’चे कलम असते, तिथे २ लाखांच्या संचाचा १ लाखाचाच विमा काढला आणि ४० हजारांचे नुकसान झाले, तर कंपनी निम्मे, म्हणजे २० हजारच धरते. कपात त्यातून पुन्हा वेगळी.

मग विमा कोणी काढावा, कोणी नाही?

कॅमेऱ्याची किंमत हा इथे खरा निकष नाही. उद्या तो गेला तर पुढच्या महिन्यात कर्ज न काढता दुसरा घेता येईल का, हा आहे.

उत्तर ‘हो’ असेल तर विमा टाळलेला बरा. एक कॅमेरा, सोबत आलेली लेन्स आणि महिन्यातून एखादा रविवार एवढाच छंद असेल, तर घसारा, कपात आणि वगळलेल्या गोष्टी यांतून हाती फार थोडे उरते. अशांनी हप्त्याइतकी रक्कम वेगळी ठेवावी आणि चांगली बॅग घ्यावी.

उत्तर ‘नाही’ असेल तर विमा घ्यावा. ईएमआयवर घेतलेला कॅमेरा हे याचे ठळक उदाहरण. कॅमेरा चोरीला जातो, हप्ते जात नाहीत. पहिल्या पगारावर किंवा वडिलांच्या नावावर कर्ज घेऊन घेतलेला संच पहिल्याच वर्षी गेला, तर उरलेले हप्ते भरताना नवा कॅमेरा घेण्याची ताकद राहत नाही. पक्षी छायाचित्रणाच्या महागड्या टेलिफोटो लेन्सचेही तसेच. मात्र अशांनी बाहेरची चोरी आणि हातातून पडणे या दोन्हींचा स्पष्ट समावेश असलेलीच पॉलिसी घ्यावी. तो नसेल तर हप्ता वाया.

तिसरा गट सर्वांत धोक्यात आहे आणि त्यालाच त्याची कल्पना कमी असते. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी साखरपुडे, बारसे, लग्नाचे फोटो काढणारे तरुण. कॅमेरा त्यांच्या दृष्टीने ‘स्वतःचा’, पण कंपनीच्या दृष्टीने कमाईचे साधन. वैयक्तिक वापराच्या पॉलिसीवर लग्नाच्या मांडवात झालेल्या चोरीचा दावा केला, तर नाकारण्याचे कारण आयतेच मिळते. अशांनी व्यावसायिक वापर लिहून कळवावा. सोबत नेण्याच्या उपकरणांसाठी वाढीव संरक्षण असलेला इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा किंवा व्यवसायासाठीची ‘ऑल रिस्क’ पॉलिसी मागावी. हप्ता जास्त पडेल, पण तो धंद्याचा खर्च आहे. ड्रोन उडवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नॅनो वर्ग, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन, वगळता तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे.

दुकानात मिळते ते ‘प्रोटेक्शन’ पुरेसे नाही का?

काउंटरवर बिल करताना पुढे केले जाते ती अनेकदा वाढीव वॉरंटी असते. ती आतल्या बिघाडासाठी, चोरीसाठी नाही. दोन्हींना ‘इन्शुरन्स’ म्हणण्याची विक्रेत्यांची सवय ग्राहकाला महागात पडते. कागदावर विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि विमा रक्कम नसेल तर तो विमा नव्हे, असे समजून चालावे. दोष फक्त विक्रेत्यांचा नाही. दुचाकीचा विमा मोबाइलवर पाच मिनिटांत मिळतो, कॅमेऱ्याचा मात्र गृहविम्याच्या पोटात, एखाद्या विभागाखाली शोधावा लागतो. लेन्स फुटली तर पैसे मिळणार की नाही, हे विकतानाच ठळक अक्षरांत सांगितले गेले पाहिजे.

आजच करून ठेवण्यासारखे काय?

विमा घ्या अथवा न घ्या, काही गोष्टी फुकट आहेत. जीएसटी बिल जपून ठेवणे ही पहिली. फोर्टच्या बाजारातून बिलाशिवाय स्वस्तात आणलेल्या किंवा ओळखीतून घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्याची मालकी सिद्ध करणे जड जाते. बॉडी आणि प्रत्येक लेन्सचा अनुक्रमांक लिहून ठेवावा, मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. अनेक कॅमेरे हा क्रमांक प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदवतात, त्यामुळे मूळ फाइल हाही एक पुरावा असतो.

चोरी झालीच तर पोलिसांत आणि कंपनीकडे त्याच दिवशी कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली असेल तर ३ दिवसांत सही करावी लागते. लोकलमधली चोरी लोहमार्ग पोलिसांची की खारघर ठाण्याची, या वादात दिवस घालवण्याचे कारण नाही. नुकसान झाले असेल तर सर्वेक्षकाने पाहण्याआधी दुरुस्तीला देऊ नये.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग ‘बिमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. महिनाभरात समाधान झाले नाही तर वैयक्तिक विम्याच्या ग्राहकाला विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे.

पॉलिसी घेण्यापूर्वी कंपनीला ई-मेलवर चारच प्रश्न विचारावेत : बाहेरची साधी चोरी धरली आहे का, पडून लेन्स फुटली तर काय, पैसे नव्या किमतीने की घसारा वजा करून, आणि अधूनमधून मानधन घेऊन फोटो काढले तर चालेल का. चारही उत्तरे लेखी आणि स्वच्छ आली तर हप्ता भरावा. उत्तर फोनवरच देण्याचा आग्रह होत असेल तर ते पैसे बँकेत राहू द्यावेत.