घरी बसलेला कोणाच्या बाजूचा?



अमेरिकेतील डेल्टा ही विमान कंपनी १९२५ साली कापसाच्या जिवावर उभी राहिली. बोंडे पोखरणाऱ्या भुंग्यावर विमानातून औषध मारणे हा तिचा पहिला धंदा. सप्टेंबर २००१ मधील न्यूयॉर्कच्या विमानहल्ल्यांनंतर प्रवासी आटले आणि याच कंपनीने हजारो नोकऱ्या कमी केल्या. त्या धास्तीतच केबिन कर्मचाऱ्यांनी युनियन हवी की नको, यावर मतदान केले.

मत दिले अवघ्या २९ टक्क्यांनी. तेव्हाचा नियम असा, की निम्म्याहून अधिक कामगारांनी मत दिले नाही तर युनियन नाही. घरी बसलेला विरोधात धरला जाई. मालकाला कोणाचे मन वळवावे लागत नसे. लोक गप्प राहिले की काम झाले.

२०१० साली नियम बदलला. पडलेल्या मतांत ज्याचे बहुमत, तो जिंकला. त्याच वर्षी पुन्हा मतदान झाले आणि युनियन ३२८ मतांनी हरली. मत न देणारे हजाराहून अधिक होते. नियम सुधारला, पण उंबरठा ओलांडायचा तो माणसानेच.

आपल्याकडे असा लेखी नियम नाही. हिशेब मात्र तोच आहे. कपाशीची वेचणी, ज्वारीची राखण ही कारणे खरी आहेत, हे आम्ही जाणतो. पण मेळाव्यात किती आले, यापेक्षा किती आले नाहीत, हेच सरकार आधी मोजते.