वर बघायला लावणारा दिवस

हल्ली कुठलीच तारीख रिकामी नसते. २ मे ट्युना माशाचा, २० मे मधमाशीचा, २१ मे चहाचा, ३० मे बटाट्याचा आणि १९ नोव्हेंबर शौचालयाचा. यातला एकही दिवस मी मनाने रचलेला नाही, हे सगळे संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीतले आहेत. त्यात आपले राष्ट्रीय दिवस, राज्याचे दिवस आणि कुणी सुरू केले ते कुणालाच ठाऊक नाही असे मोबाइलवरचे दिवस मिळवा. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता एक चित्र पडतं, त्याखाली वीस जण हात जोडतात, आणि दुपारच्या जेवणापर्यंत तो दिवस संपलेला असतो. संध्याकाळी कुणाला विचारलं, 'आज काय होतं रे?' तर उत्तर येत नाही.

मी या दिवसांच्या विरोधात नाही. पण या गर्दीतला कुठला दिवस खरा आणि कुठला नुसता फलकापुरता, हे ओळखायला एक कसोटी हवी असं मला वाटतं. ती मला चंद्राने दिली.

चंद्राच्या वाट्याला आता तीन दिवस आले आहेत. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ मधून गेलेली माणसं चंद्रावर उतरली, म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये २० जुलै हा आंतरराष्ट्रीय चंद्र दिन ठरवला. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं, म्हणून तो आपला राष्ट्रीय अंतराळ दिन. आणि तिसरी, चंद्र बघण्याची आंतरराष्ट्रीय रात्र. नासाने २०१० पासून सुरू केलेला हा कार्यक्रम दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होतो.

आता गोव्यातला २० जुलै डोळ्यांसमोर आणा. आषाढ-श्रावणाचा पाऊस, छत्री उलटी करणारा वारा, आणि आकाश म्हणजे ओलं घोंगडं. मी पाहिलेला चंद्र दिन दृकश्राव्य कक्षात झाला. पडदे ओढलेले, पडद्यावर चंद्राचे फोटो, प्रमुख पाहुणे, आभार, समोसा. मग बॅनरसमोर उभं राहून फोटो, तो अहवालात. त्या रात्री चंद्र आकाशात होता की नव्हता, तिथी कुठली होती, तो कधी उगवला, हे हॉलमधल्या एकानेही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. चंद्राचा दिवस चंद्राशिवाय व्यवस्थित पार पडला.

माझी कसोटी एवढीच: ज्याचा दिवस आहे त्याच्याकडे न बघता तो साजरा करता येत असेल, तर तो दिवस नुसती तारीख आहे.

आपल्याकडच्या जुन्या रीती या कसोटीला लावून बघा. संकष्टीचा उपास चंद्र उगवल्याशिवाय सुटत नाही. चंद्रोदयाची वेळ प्रत्येक गावाची वेगळी, म्हणून कालनिर्णयात गावोगावच्या वेळा छापतात. पण ढग आले की माझी आजी कालनिर्णय बाजूला ठेवून चार वेळा अंगणात जाते. रमजानची ईद कधी, हेही चंद्रकोर दिसल्यावर ठरतं. चवथीला तर चंद्र बघायचाच नाही. पण त्याला टाळायचं म्हटलं तरी तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं! त्या संध्याकाळी माझी भावंडं मान खाली घालून चालतात, तेव्हा वर्षातल्या इतर कुठल्याही दिवसापेक्षा चंद्राचा विचार जास्त करत असतात.

आपल्या कॉलेजात नाताळइतकंच महत्त्व असलेलं ईस्टर, म्हणजे पास्काचं फेस्त, तेही चंद्राचंच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा, म्हणून ते २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये सरकत राहतं. ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान वल्हांडण सणाच्या वेळचं, आणि वल्हांडण पौर्णिमेचा. ईस्टरवरून मागे मोजत गेलं की राखेचा बुधवार येतो आणि त्याच्या आदल्या दिवशी कार्निव्हल संपतो. हिशोब केलात तर एक गंमत दिसेल. कार्निव्हलचा शेवट नेहमी अमावास्येच्या आसपास पडतो आणि गुड फ्रायडे पौर्णिमेच्या आसपास. पणजीत नाचगाणी चालू असतात तेव्हा वर चंद्र नसतो किंवा बारीक कोर असते, आणि उपासाचे दिवस संपत येतात तेव्हा तो भरलेला असतो. शिगमो फाल्गुन पौर्णिमेचा. २०२४ मध्ये २५ मार्चला रंग खेळले आणि ३१ मार्चला ईस्टर झालं, म्हणजे दोन्ही सण एकाच पौर्णिमेने आणले. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमचं आणि तुमचं कॅलेंडर एकच माणूस लिहितो?" मला ते वाक्य फार आवडलं.

आणि ज्यांना सणाशी देणंघेणं नाही, त्यांनाही चंद्र कामाला लावतो. आमच्या गावात खाजन शेती आहे. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याच्या दाबाने उघडझाप होणारी लाकडी दारं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, पाणी बांधाला भिडतं, तेव्हा डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. मानशीपाशी जाळं लावणाऱ्यांचे चांगले दिवस तेच. अष्टमीच्या सुमारास भरती मऊ असते. माझे आजोबा घड्याळ न बघता सांगायचे, "आज अष्टमी, पाणी मस्ती करणार नाही." भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, कारण चंद्र रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो. आजोबांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. चुकलं तर भात खाऱ्या पाण्यात जायचा, म्हणून त्यांना ते माहीत होतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. आजची कोजागरी बघा. बंद हॉल, कानठळ्या बसवणारा स्पीकर, पाकिटातला मसाला घातलेलं दूध, आणि चंद्र फक्त आमंत्रणपत्रिकेवर. संकष्टीचंही तसंच होत चाललंय. मोबाइल वाजला की ताट वाढायचं, अंगणात कोण जातो? म्हणजे रीत जुनी आहे म्हणून ती कसोटीला उतरतेच असं नाही.

उलट, नवा दिवस म्हणून तो पोकळच, हेही खरं नाही. शौचालय दिनाला हसणं सोपं आहे. पण ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत बोलायची लाज वाटते, तिच्याबद्दल बोलायला त्या दिवसामुळे तोंड फुटतं. आणि नासाच्या त्या रात्रीचं मला विशेष वाटतं, कारण ती ठरवणाऱ्यांनी आधी चंद्राचा विचार केला. त्यांनी पौर्णिमा घेतली नाही, शुक्ल अष्टमीच्या आसपासचा दिवस घेतला. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीला उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं, डोंगरांच्या सावल्या लांब होतात आणि साध्या दुर्बिणीतूनही खड्डे उठून दिसतात. या दिवसाची तारीख दरवर्षी बदलते. माणसांच्या सोयीची एकच तारीख चंद्राच्या गळ्यात बांधलेली नाही.

हे सगळं मी मराठी मंडळाच्या अंकात का लिहितेय? कारण आपला मुख्य दिवस २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी हॉल भरलेला असतो. नऊवारी, फेटे, रांगोळी, लेझीम. मीही दोन वर्षं नऊवारी नेसून पुढे उभी आहे. पण आमच्या तृतीय वर्षाच्या मराठीच्या वर्गात आम्ही सात जण आहोत. ग्रंथालयातल्या मराठी कपाटातल्या कित्येक पुस्तकांच्या मागे चिकटवलेल्या कागदावर शेवटची तारीख मी शाळेत होते तेव्हाची आहे. चंद्राकडे आपण पाहिलं नाही तर चंद्राचं काही बिघडत नाही, तो उद्या पन्नास मिनिटांनी उशिरा उगवेल. भाषेचं तसं नाही. उद्या मराठीचा वर्ग बंद झाला तरी २७ फेब्रुवारीचा हॉल तसाच भरेल, आणि काही गेलंय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, याची मला भीती वाटते.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली, पुढच्या वर्षी आपण दिवस कमी करूया. यादीतले निम्मे दिवस गाळले तर कुणी रागावणार नाही. २७ फेब्रुवारीला फेटे जरूर बांधा, पण हॉलमध्ये येणाऱ्याने त्या महिन्यात वाचलेल्या एका मराठी पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोलायचं. गर्दी कमी होईल, होऊ दे.

दुसरी, पाऊस गेला की येणाऱ्या पहिल्या शुक्ल अष्टमीला संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर जमूया. त्या दिवशी चंद्र सूर्यास्तालाच डोक्याजवळ असतो, त्यामुळे वसतिगृहातल्या मुलींनाही वेळेत परतता येईल. भौतिकशास्त्र विभागाची दुर्बीण मागूया, मैदानाचे दिवे तासभर बंद ठेवायची परवानगी घेऊया. अपोलो ११ उतरलं तो शांतिसागर त्या दिवशी उजेडात असतो, नुसत्या डोळ्यांनाही त्याचा काळसर डाग दिसतो. विक्रम उतरलं ती जागा दक्षिणेकडच्या कडेजवळ, तीही उजेडाच्याच बाजूला. प्रत्येकाने आळीपाळीने बघायचं आणि जे दिसलं ते पाच ओळींत मराठीत लिहायचं. 'सुंदर', 'अप्रतिम' हे शब्द वापरायचे नाहीत. दिसलं काय, तेवढंच. मराठी ज्यांचा विषय नाही, त्यांनीही यायचं.

प्रमुख पाहुणे नकोत, बॅनरही नको. ढग आले तर दुसऱ्या दिवशी जमू, तेव्हाही आले तर पुढच्या महिन्यातल्या अष्टमीला. वाट बघावी लागली तर बघू.