विटेचं गाणं

पीएचडीला प्रवेश घेतला त्या वर्षीची गोष्ट. कॅम्पसमधल्या चहाच्या टपरीमागे कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. एकाकडे गिटार होती आणि पिंक फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' हे गाणं तिथल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. मला सोडून. शब्द कळले तेव्हा मी चहाचा कप हातात धरून नुसती बघत राहिले. आम्हाला शिक्षणाची काही गरज नाही, असं टाळ्या वाजवत सांगणारे हे लोक कोण होते? एकाचे वडील प्राध्यापक. एकीची आजी १९५० च्या दशकात एम.ए. झालेली.

माझे आईबाबा वीटभट्टीवर काम करायचे. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पावसाळ्यापर्यंत ती फेडत भट्टीवर राहायचं. दोघं मिळून दिवसाला हजारभर वीट थापायचे. मी त्या काळात समाजकल्याणच्या वसतिगृहात असायचे, कारण आईने ठरवलं होतं की ही भट्टीवर येणार नाही. शिकायचं नाही असं मी गमतीत जरी म्हटलं असतं, तरी तिने हातातला साचा फेकून मारला असता. त्यामुळे त्या रात्री मी गाण्यावर फुली मारली. पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्यांनी जेवणाला नावं ठेवायचं गाणं, असा माझा निकाल होता. मराठीत 'वीट येणे' असा वाक्प्रचार आहे, तो यांना शिक्षणाचा आलाय, असंही रूमवर येऊन वहीत लिहिल्याचं आठवतं.

तो निकाल मी आता अर्धा मागे घेतेय. अर्धाच.

आधी गाणं कुठून आलं ते बघू. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' हा अल्बम आला. त्यात या नावाचे तीन भाग आहेत आणि गाजला तो दुसरा. लिहिला रॉजर वॉटर्सने. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये इटलीत मारले गेले, तेव्हा तो काही महिन्यांचा होता. पुढे तो केंब्रिजमध्ये मुलांच्या एका जुन्या वळणाच्या शाळेत शिकला. अल्बमचा नायक पिंक स्वतःभोवती भिंत बांधत जातो. मेलेला बाप, जीव गुदमरवणारी आई, वर्गात अपमान करणारा मास्तर, यातली प्रत्येक जखम म्हणजे एक वीट. बरेच जण समजतात की वीट म्हणजे साच्यातून निघालेला विद्यार्थी. १९८२ च्या सिनेमात मुखवटे घातलेली मुलं खिमा करायच्या यंत्रात पडताना दाखवली आहेत, तिथून हा अर्थ घट्ट झाला असावा. मला तो तितकासा पटत नाही. वीट कशी थापतात हे मी पाहिलंय. एक वीट साच्यातून निघते हे खरं, पण एकट्या विटेने कुणी कोंडला जात नाही. एकावर एक रचत गेलं की कोंडला जातो. अपमानाचंही तसंच असतं.

त्याच सिनेमात एक प्रसंग आहे. पिंक वर्गात चोरून कविता लिहितो. मास्तर वही हिसकावतो आणि ती कविता सगळ्यांसमोर खिल्ली उडवत वाचतो. वर्ग हसतो. मी लॅपटॉपवर हा सिनेमा बघत होते आणि इथे थांबवला. एम.ए.च्या पहिल्या सत्रात माझा निबंध असाच वाचला गेला होता. सरांनी नाव घेतलं नाही, त्याची गरजही नव्हती. इंग्रजीतलं एक वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. त्यात मी दोन नकार एकापाठोपाठ घातले होते. म्हणजे तुम्हाला नेमकं हवंय की नकोय, असं ते मिश्किलपणे म्हणाले. पुढच्या बाकांवर हशा पिकला. त्यानंतर दीड वर्ष मी त्या वर्गात तोंड उघडलं नाही.

गंमत बघा. या जगप्रसिद्ध गाण्याच्या पहिल्याच ओळीत नेमकी तीच 'चूक' आहे. प्रमाण इंग्रजीच्या व्याकरणाने तिचा अर्थ उलटा निघतो, की शिक्षण हवं आहे. लंडनच्या कामगार वस्त्यांतल्या बोलीत मात्र दोन नकार एकमेकांना खोडत नाहीत, ते नकाराला जोर देतात. वॉटर्सने ती बोली मुद्दाम वापरली आणि तिला शैली म्हटलं गेलं. त्यावर आजही लेख लिहिले जातात. माझ्या वाक्याला मात्र 'कॅटेगरीवाल्यांचं इंग्रजी' म्हटलं गेलं, कॅन्टीनमध्ये, मी पाठमोरी असताना. चूक कुणी केली यावर ती चूक आहे की कला, हे ठरतं. समाजशास्त्रात यासाठी 'सांस्कृतिक भांडवल' असा भारी शब्द आहे. तो मी प्रबंधात वापरते. इथे साधं सांगते, चुका करायची मुभासुद्धा वारशाने मिळते.

म्हणून गाण्याचा तो भाग मला आता आपला वाटतो. वर्गातल्या उपरोधाला आणि मेंदूवर चालणाऱ्या हुकमतीला त्यात नकार आहे. वॉटर्सनेही पुढे मुलाखतींत सांगितलंय की त्याचा राग सरसकट शिक्षणावर नव्हता. आपल्याकडे तर हे भांडण त्याच्या फार आधीचं आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी फक्त शाळा वाढवा एवढंच मागितलं नाही. शिकवणारा कोण, हेही त्यांनी विचारलं. मुलांपासून अंतर राखून बसणाऱ्या भटजी शिक्षकांऐवजी शेतकरी कष्टकऱ्यांत मिसळणारे शिक्षक तयार करा, असं त्यांचं म्हणणं होतं. साताऱ्याच्या शाळेत घरून गोणपाट नेऊन वेगळं बसणाऱ्या बाबासाहेबांना शाळेत भिंत असते हे कुणा रॉक बँडने सांगायची गरज नव्हती. तरीही आपल्या माणसांनी शाळेकडे पाठ फिरवली नाही. भिंत दिसत असताना आत घुसले.

हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, ते मला दक्षिण आफ्रिकेच्या मुलांकडून कळलं. तिथे १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांसाठी वेगळं, कमअस्सल शिक्षण ठरवून दिलं होतं. व्हेरवुर्ड हा त्यामागचा मंत्री उघड बोलायचा की ठरावीक मजुरीच्या वर ज्यांना जागाच नाही, त्यांना वरचं शिकवून काय उपयोग. (हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना?) गोऱ्या मुलावर होणारा खर्च काळ्या मुलावरच्या खर्चाच्या कित्येक पट होता. १६ जून १९७६ ला सोवेटोची मुलं आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९८० मध्ये केप टाउनपासून शाळा बहिष्कार पसरला तेव्हा त्या मुलांच्या तोंडी हेच गाणं होतं. सरकारने मे महिन्यात गाण्यावर बंदी घातली.

टपरीमागे गाणारे आणि केप टाउनच्या रस्त्यावर गाणारे यांच्या तोंडी शब्द तेच होते. पण ती मुलं शिक्षणाला कंटाळून बाहेर पडली नव्हती. नोकर तयार करणारं शिक्षण नको, माणसाला मिळतं ते द्या, यासाठी त्यांनी वर्ग सोडले. त्यांच्या तोंडी त्या दोन नकारांचे दोन्ही अर्थ एकदम खरे होतात. हे नको आणि हवंही आहे.

आता उरलेला अर्धा, जो मी मागे घेत नाही. गाण्याची शेवटची मागणी अशी की मास्तरांनी मुलांच्या वाटेला जाऊ नये, त्यांना आपलं आपण राहू द्यावं. हे मला मान्य नाही. आम्हाला कायम आपलं आपण राहूच दिलं गेलं. गावच्या शाळेत आमच्या वस्तीतल्या पोरांच्या वह्या कधी तपासल्या जायच्या नाहीत. चूक काढायलासुद्धा कुणी बाकापर्यंत यायचं नाही. आजही विद्यापीठात हेच सभ्यपणे चालतं. गाइड चार महिने ईमेलला उत्तर देत नाही, कच्च्या प्रकरणावर 'ठीक आहे' एवढाच शेरा येतो, आणि 'तू स्वतंत्रपणे काम कर' असं सांगितलं जातं. ज्याच्या घरी प्रबंध वाचणारं कुणी आहे त्याच्यासाठी हे स्वातंत्र्य असतं. आपल्यासाठी ती वाऱ्यावर सोडण्याची रीत असते. मला न हसता माझ्या चुका काढणारा शिक्षक हवा होता. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात तशा एक मॅडम भेटल्या. त्यांनी माझ्या टर्म पेपरवर इतक्या लाल खुणा केल्या होत्या की पान वाचता येईना. आणि प्रत्येक खुणेपुढे कारण लिहिलं होतं. तो पेपर मी अजून जपून ठेवलाय.

आता मी स्वतः बी.ए.च्या मुलांचे ट्युटोरियल घेते. मागच्या महिन्यात झारखंडहून आलेल्या एका मुलीच्या उत्तरात मला तसाच एक दुहेरी नकार सापडला. मी हसले, खोटं कशाला बोलू. कागद बाजूला ठेवून चहा पिऊन आले, मग तिला बोलावलं आणि शेजारी बसवून ते वाक्य दोघींनी मिळून पुन्हा लिहिलं. तिला हे गाणं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

बाबांना मात्र सांगितलं. दिवाळीत घरी होते, त्यांनी विचारलं की काय लिहितेस, तर म्हटलं विटेवरच्या एका गाण्याबद्दल. ते सरसावून बसले. मग सांगितलं की त्यात पोरांचा कोरस आहे. लंडनमधल्या इस्लिंग्टन ग्रीन नावाच्या सरकारी शाळेतली २३ पोरं होती, स्टुडिओ शाळेजवळच होता, संगीताच्या शिक्षकाने त्यांना पाठवलं. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, लाखो प्रती खपल्या. त्या पोरांच्या आवाजाशिवाय त्याला कुणी ओळखलं नसतं.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. गाण्याचा अर्थ काय, हे त्यांनी विचारलं नाही.

"पोरांला पैसे किती भेटले?"

शाळेला हजार पौंड मिळाले, म्हटलं. पोरांच्या नावाने कसला करारच नव्हता. मोठी झाल्यावर, २००४ मध्ये, त्यांच्यातल्या काहींनी रॉयल्टीसाठी दावा करायला घेतला.

"पंचवीस वर्षांनी," बाबा म्हणाले. मग आईकडे बघून, "तिकडंबी मुकादम असतेत म्हण की."