छत्तीसचा आकडा

होस्टेलच्या तळमजल्यावरच्या इलेक्ट्रिक पॅनेलवर जे ऐटबाज काळे नंबर आहेत ना, ते माझ्या हातचे. आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना राग योग्य माणसावर निघेल!

सुरुवात गॅदरिंगला झाली. नाटकाच्या सेटसाठी खोक्यांवर लांबट, दाटीवाटीची, कारखानी वळणाची स्टेन्सिल अक्षरं मारली. काय दिसत होती राव! खोकी थेट गोदीतून उचलून स्टेजवर ठेवल्यासारखी. कौतुक झालं आणि मी हवेत. मग तीच अक्षरं सायकल स्टँडवर, मेसच्या दारावर आणि शेवटी पॅनेलवर.

परवा वरच्या मजल्यावरचा गीझर बिघडला. वायरमन मामांनी आठ नंबरचा समजून सहाचा स्विच बंद केला. सवयीने टेस्टर लावला म्हणून वाचले. टेस्टर पेटला! मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, अक्षर झकास आहे, पण मला चष्मा आहे ना."

दोष चष्म्याचा नाही. स्टेन्सिलमध्ये इंग्रजी आठ अख्खा कापला तर पोटातले दोन्ही तुकडे गळून पडतात. ते धरून ठेवायला पट्टी सोडावी लागते, तीच अक्षरातली फट. म्हणजे फट ही शोभा नाही, सपोर्ट आहे. (१९३७ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्सने जेरी पॉवेलचा 'स्टेन्सिल' हा छपाईचा टाइप काढला. छापताना काय गळणार? पण फटीला खोक्यांचा, मिलिटरीचा वास येतो, आणि आपल्यासारखे त्यावरच भाळतात.) आता बघा, इंग्रजी सहा आणि आठ यांच्यात फरक तो केवढा? उजव्या अंगाची एक फट! तीन आणि आठचं तेच, फक्त डाव्या अंगाला. ज्यांची ओळखच फटीवर, त्यांच्यात आपण आणखी फटी पाडतो. वर अक्षर चिंचोळं. माझ्या पुठ्ठ्यावर आकड्याच्या पोटात जागा होती तीन मिलिमीटर, त्यातली दोन पट्टीने खाल्ली.

मग रेल्वेच्या वाघिणींवर रंगवलेले नंबर कसे चालतात? एक तर ते हातभर मोठे. शिवाय ११ आकड्यांतला शेवटचा चेक डिजिट असतो. एक आकडा चुकीचा वाचला की हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. आपल्या पॅनेलवर चेक डिजिट म्हणजे मामांचा टेस्टर.

माझं म्हणणं, खोक्यांवर, पोस्टरवर हे अक्षर खुशाल वापरा. पॅनेलवर मात्र मराठी आकडे मारू. ३, ६, ८ सगळे उघडे, कापले तरी काही गळत नाही, पट्टीच नको! शून्याला लागेल, १, ४ आणि ९ च्या गाठीला लागेल, बस्स. ज्यांना मराठी आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी खाली साधा इंग्रजी आकडा हाताने काढू.

एक घोळ मात्र आहे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. पुठ्ठा उलटा धरला की तिनाचा सहा! म्हणून प्रत्येक पुठ्ठ्याचा उजवा वरचा कोपरा कापून ठेवलाय. रविवारी सकाळी पॅनेल रंगवतोय, मामा स्वतः उभे राहणार आहेत. रंग आहे, ब्रश कुणाकडे असेल तर घेऊन या.